मागवले गोळे, आल्या गोळ्या

फौजेतल्या जेवणाला नावं ठेवायचा हक्क जगातल्या प्रत्येक शिपायाला असतो आणि तो बजावण्यात कुणी कुचराई करत नाही. आपल्या पलटणीतला जवान लंगरातल्या पातळ डाळीवर विनोद करतो. इंग्रज शिपाई डबाबंद गोमांसाला शिव्या घालत दोन महायुद्धं लढला. तरी या विद्येत अमेरिकन सैनिकाचा हात धरणारा कुणी नाही. गेल्या शंभर वर्षांत घरापासून इतक्या लांब, इतक्या तऱ्हेच्या हवेत आणि इतक्या परक्या माणसांच्या शेजारी बसून त्याच्याएवढं कुणी जेवलेलं नाही. शिवाय त्याचं जेवण आचाऱ्याच्या हातचं कमी आणि प्रयोगशाळेतलं जास्त. कुणी अधिकारी कागदावर उष्मांकांची बेरीज करतो, कारखान्यात त्या बेरजेची वडी पाडतात, वडी समुद्रापार जाते आणि खंदकात बसलेला ओहायोचा पोरगा तिचा वास घेऊन विचारतो, हे खायचं की लावायचं?

या पुस्तकातले बहुतेक किस्से त्या प्रश्नातून जन्मलेले आहेत. वाचताना मी पोटभर हसलो आणि हसता हसता एक गोष्ट ध्यानात येत गेली. अमेरिकन लष्कराला आपल्या शिध्याबद्दल जे खरं कळलं, ते बहुधा असल्या टिंगलीतूनच कळलं. तक्ते, चाचण्या, अहवाल मागाहून आले. शिपायाने डब्याला ठेवलेलं टोपणनाव त्यांच्या आधी हजर होतं.

सुरुवात चॉकलेटपासून करू, कारण तिथला घोटाळा कुणाच्या चुकीने झालेला नव्हता. तो ठरवून केलेला होता. १९३७ साली लष्कराच्या पुरवठा खात्यातले कॅप्टन पॉल लोगन पेनसिल्वेनियात हर्शीच्या कारखान्यात गेले आणि अडीअडचणीच्या वेळी खायला एक वडी बनवून मागितली. वजन चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. उन्हात वितळता कामा नये. ताकद भरपूर हवी. चौथी अट ऐकून हर्शीचे रसायनतज्ज्ञ सॅम हिंकल यांना काय वाटलं असेल कोण जाणे. चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशीच बरी असावी, अशी ती अट होती. चव चांगली असली तर पोरं हौसेने आधीच खाऊन टाकतील आणि खरी वेळ येईल तेव्हा खिसा रिकामा, हा त्यामागचा हिशोब. ज्यांच्या घरी दिवाळीचा फराळ वरच्या फळीवर लपवून ठेवत, त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. त्या फराळाला बेचव करण्याची कल्पना मात्र आपल्याकडे कुणाला सुचली नाही.

हिंकलनी ओटचं पीठ घालून, साखर कमी करून ६०० उष्मांकांची वडी तयार केली. मिश्रण इतकं घट्ट झालं की ते साच्यात ओतता येईना, हाताने दाबून भरावं लागलं. वडी सावकाश, अर्धा तास चघळत खायची होती. दात धड नसलेले तिला चाकूने तासून तिचे कपचे तोंडात टाकत. लोगनचा हिशोब एका बाबतीत तंतोतंत खरा ठरला. वडी कुणी वेळेआधी खाल्ली नाही. पुष्कळांनी ती वेळ आल्यावरही खाल्ली नाही, वाटेत फेकून दिली. 'हिटलरचं गुप्त शस्त्र' हे तिचं सैनिकांनी केलेलं बारसं. शेवटी १९४३ साली लष्कराला पॅसिफिकच्या उकाड्यात टिकणारी आणि चवीला जरा बरी अशी दुसरी वडी काढावी लागली.

के-रेशन म्हणजे लढाईत खायच्या शिध्याचं खोकं. त्याची हकिगत याच जातीची. मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी युद्धाच्या तोंडावर मिनिआपोलिसच्या एका दुकानातून कडक बिस्किटं, सुकं सॉसेज, चॉकलेट असलं सामान उचललं आणि जवळच्या छावणीतल्या सहा सैनिकांना खायला घालून पाहिलं. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असा त्यांचा अभिप्राय पडला. एवढ्या भांडवलावर के-रेशनची खोकी लाखांनी समुद्रापार गेली. त्यात लिंबाच्या सरबताची पूड असे, क जीवनसत्त्वासाठी. ती इतकी आंबट होती की पोरांनी तिने फरशा घासल्या. कागदावर सैनिक जीवनसत्त्व घेत होता आणि प्रत्यक्षात त्याची बराक लखलखत होती.

या खोक्यांचा महाराष्ट्राशीही थोडा संबंध येतो. जपान्यांच्या पिछाडीला ब्रह्मदेशाच्या जंगलात लढण्यासाठी निघालेली अमेरिकन तुकडी, पुढे 'मेरिल्स मरॉडर्स' म्हणून गाजलेली, १९४३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबई बंदरात उतरली आणि तिथून देवळालीच्या छावणीत गेली. सुमारे तीन हजार माणसं. घाटावरच्या हवेत त्यांचे काही दिवस बरे गेले असतील, पुढे जंगलात त्यांच्या पोटाचे हाल झाले. थोड्या दिवसांच्या निकडीसाठी बनवलेल्या खोक्यांवर त्यांनी महिनोन् महिने काढले. १९४४ च्या मे महिन्यात मित्कीनाची धावपट्टी त्यांनी घेतली तेव्हा मलेरिया, हगवण आणि उपासमार यांनी तुकडी खिळखिळी झालेली होती. तीन दिवसांचा शिधा तीन महिने पुरवायचा, हा घोटाळा हसण्यासारखा नाही. फक्त त्यातून वाचलेल्यांना त्यावर हसायचा अधिकार पोहोचतो.

परक्या घरी जेवायला गेल्यावरच्या फजित्या या सगळ्यापेक्षा सौम्य आहेत. १९४२ साली ब्रिटनला निघालेल्या अमेरिकन सैनिकांच्या हातात सरकारने एक पुस्तिका दिली. तिच्यातला शहाणपणा मला फार आवडतो. इंग्रजांना कॉफी करता येत नाही आणि तुम्हाला चहा करता येत नाही, तेव्हा फिटंफाट झाली, असं तिच्यात बजावलं होतं. आणि कुणी घरी जेवायला बोलावलं तर हात राखून जेवा, नाहीतर त्या कुटुंबाचं आठवड्याचं रेशन एका बैठकीत फस्त कराल, असंही. आग्रह करून वाढणाऱ्या आणि पानात टाकलं तर रुसणाऱ्या आपल्या लोकांना हा सल्ला विचित्र वाटेल. पण युद्धकाळातल्या लंडनमधल्या गृहिणीपाशी पाहुण्यासाठी काढलेलं मांस बहुधा तेवढंच असे.

ऑस्ट्रेलियात उलटा प्रकार. तिथे मांस मुबलक होतं, पण मेंढीचं. अमेरिकन पोरगा डुकरावर आणि गाईवर वाढलेला, मटणाच्या वासाने त्याचं डोकं उठे. ताटातलं मटण बाजूला सारून तो डबाबंद 'स्पॅम'कडे वळे आणि मग स्पॅमलाही शिव्या घाली. कोल्हापुरात हे कुणाला सांगितलं तर आधी विश्वास बसायचा नाही, मग कीव येईल.

स्पॅम हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. मिनेसोटातल्या ऑस्टिन गावी हॉर्मेल कंपनीने १९३७ साली तो बाजारात आणला. लष्कराला मिळणारं डबाबंद डुकराचं मांस दर वेळी हॉर्मेलचं नसायचं, पण सैनिकाला त्याचं काय? त्याच्या लेखी चौकोनी गुलाबी जे काही डब्यातून निघेल ते स्पॅम. कंपनीचे प्रमुख जे हॉर्मेल यांच्याकडे सैनिकांची शिवराळ पत्रं येत. त्यांनी ती फेकली नाहीत, वेगळ्या फाइलीत जपून ठेवली. उद्योजकाची अशी निगरगट्ट वृत्ती मला आदरणीय वाटते. आणि पुढे गंमत अशी झाली की सैनिकांनी नाकं मुरडलेला हाच डबा त्यांच्या तळांबाहेरच्या लोकांनी उचलून आपल्या चुलीवर नेला. हवाईत भातावर स्पॅमची चकती ठेवून ती समुद्री शेवाळाच्या पट्टीत गुंडाळतात. सोलच्या उत्तरेला उइजोंगबू नावाचं शहर आहे, शेजारी अमेरिकन तळ होता. कोरियन युद्धानंतर भुकेल्या लोकांनी तळावरचं हॅम, सॉसेज, डब्यातला घेवडा, जे हाती लागेल ते किमची आणि तिखटाबरोबर एका भांड्यात रटारटा शिजवलं. ते 'बुदे-जिगे' आज उइजोंगबूची शान आहे आणि त्याच्या खाणावळींची तिथे सबंध एक गल्ली आहे.

कोरियाचं नाव निघालंच आहे, तर ज्या किश्श्यावरून या प्रस्तावनेला नाव दिलं तो आता सांगतो.

१९५० चा नोव्हेंबर. उत्तर कोरियातल्या चोझिन जलाशयाभोवतीच्या डोंगरात अमेरिकेची पहिली मरीन डिव्हिजन, तिचे सेनापती मेजर जनरल ऑलिव्हर स्मिथ. २३ तारखेला थँक्सगिव्हिंगचा सण होता. वरून हुकूम आलेला, प्रत्येक सैनिकाला टर्कीचं जेवण मिळालंच पाहिजे. क्रॅनबेरीचा सॉस, बटाटे, फ्रूटकेक, सगळं डोंगरात पोहोचलं. पोहोचलं नव्हतं फक्त त्या हवेत जेवायचं कसं याचं ज्ञान. ते पोरांनी जागेवर मिळवलं. ताट हातात आलं की आधी ग्रेव्ही खायची, कारण ती पहिल्यांदा गोठते. मग बटाटे. टर्कीला थोडा दम असतो. ताट घेऊन निवांत जागा शोधत फिरणाऱ्याच्या वाट्याला बर्फाची थाळी येई.

चार दिवसांनी, २७ नोव्हेंबरच्या रात्री, चिनी फौजा चोहोबाजूंनी तुटून पडल्या. अमेरिकन आणि त्यांचे साथीदार तीस हजारांच्या आसपास, चिनी त्यांच्या चौपट. थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरलेली. डब्यातलं जेवण दगड झालेलं, ते वितळवायला शेकोटी पेटवावी तर शत्रूला पत्ता लागतो. गोठलेला घेवडा तसाच गिळला की पोट बिघडे आणि त्या थंडीत पोट बिघडणं म्हणजे काय याचं वर्णन सैनिकांनी केलेलं आहे, मी ते गाळतो. जगायला उरली बिस्किटं आणि गोळ्या.

साठ मिलिमीटरच्या उखळी तोफांचे गोळे संपत आले होते. मरीन लोकांत त्या गोळ्यांचं सांकेतिक नाव होतं 'टूट्सी रोल'. टूट्सी रोल म्हणजे अमेरिकेतल्या लहान मुलांची आवडती, करंगळीएवढी, चिवट, चॉकलेटी गोळी, दोन्ही टोकांना कागद पिळलेली. वायरलेसवरून मागणी गेली: टूट्सी रोल पाठवा, ताबडतोब, हवे तेवढे. पलीकडे मागणी उतरवून घेणाऱ्याला संकेत ठाऊक नव्हता, पण माणूस आज्ञाधारक होता. विमानं आली, छत्र्या उघडल्या, पेट्या बर्फात उतरल्या. त्यात खच्चून टूट्सी रोल. खरेखुरे.

पहिल्या पेटीचं झाकण उचकटणाऱ्याच्या तोंडून जे निघालं असेल ते छापण्याजोगं नसणार. पण मग शहाणपणाला सुरुवात झाली. गोळी काखेत किंवा गालात धरली की मऊ होते. पोटात साखर जाते, हगवण लागत नाही. शिवाय चघळून मऊ केलेला तो चिकट गोळा बंदुकीच्या गोळ्यांनी चाळण झालेल्या रेडिएटरच्या किंवा इंधनाच्या नळीच्या भोकावर थापला, की त्या थंडीत काही क्षणांत दगडासारखा घट्ट बसतो. अशा डागडुजीच्या जोरावर गाड्या समुद्राच्या दिशेने निघाल्या. त्याच आकाशातून काही दिवसांनी, ७ डिसेंबरला, मोडलेल्या पुलासाठी लोखंडी भागही छत्र्यांनी उतरवले आणि ते मात्र मागितले तेच आले. डिसेंबरच्या मध्यावर डिव्हिजन हुंगनाम बंदराशी पोहोचली. वाचलेले लोक स्वतःला 'चोझिन फ्यू' म्हणवतात आणि टूट्सी रोलची आठवण मिटक्या मारत सांगतात. किस्सा त्यांच्या तोंडचा आहे, तोंडी किश्श्याला मीठमसाला लागतोच. मला त्याची मांडणी पटते, कारण त्यात कुणी मूर्ख नाही. मागणाऱ्याने बरोबर मागितलं, देणाऱ्याने मागितलेलंच दिलं.

आकाशातून शिधा टाकण्याचा पहिला मोठा खटाटोप मात्र अमेरिकनांनी केलेला नाही, आणि त्या पहिल्या वेळी खाली मराठी माणसं उभी होती. १९१५ च्या डिसेंबरापासून पुढचे जवळजवळ पाच महिने मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांनी सहावी पुणे डिव्हिजन कोंडून धरली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. घोडे कापून खाण्याची पाळी आली तेव्हा हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, ती आली, तरी अनेकांचा हात धजेना. एप्रिल १९१६ मध्ये इंग्रजी विमानांनी वरून पोती टाकली. काही टायग्रिस नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. पीठ दळायला जात्याचा दगडसुद्धा विमानातून टाकला होता. सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायाने आकाशातून उतरणारं जातं पाहिलं तेव्हा त्याला काय वाटलं, हे कुणी लिहून ठेवायला हवं होतं. ही या संग्रहाची उणीव म्हणा किंवा आपल्या लोकांच्या न लिहिण्याच्या सवयीची. कोरियातच १९५३-५४ साली युद्धकैद्यांवर देखरेख करायला गेलेल्या भारतीय दलाचे सेनापती मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल टाकू देईनात, म्हणून अमेरिकनांनी त्यांना हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. त्या छावणीत डाळ कशी शिजत होती, हेही मला वाचायला आवडलं असतं.

कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने सोळा देशांच्या लढाऊ फौजा होत्या आणि बहुतेकांच्या कोठीची जबाबदारी अमेरिकनांवर. एकच पाकीट सगळ्यांना, ही त्यांची मूळ कल्पना लवकरच आपटली. तुर्कांना डुक्कर चालेना. थाई आणि फिलिपिनो भाताशिवाय जेवणाला जेवण म्हणेनात. ग्रीकांना ऑलिव्हचं तेल हवं, फ्रेंचांना पाव आणि वाइन. पुरवठा अधिकाऱ्यांच्या याद्या वाढत गेल्या. एका पंगतीत सोळा सोवळी सांभाळणाऱ्या त्या अधिकाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे.

व्हिएतनाममध्ये डबे बदलले, तक्रारी बदलल्या नाहीत. हॅम आणि लिमा घेवड्याच्या डब्याचं सैनिकी नाव कुठल्याही भाषेत अश्लीलच होईल. जर्दाळूचा डबा तर अपशकुनी. रणगाड्यात कुणी जर्दाळू उघडला की गाडी बंद पडते नाहीतर तोफगोळे येतात, असा पक्का समज होता. टबॅस्को सॉस करणारे वॉल्टर मॅकिलहेनी हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात ग्वादालकनाल बेटावर लढलेले मरीन. त्यांनी सरकारची वाट न पाहता सॉसच्या बाटलीभोवती पाककृतींची चिमुकली पुस्तिका गुंडाळून ती व्हिएतनामला पाठवायला सुरुवात केली. डब्यातल्या जेवणाला तिखटाशिवाय तरणोपाय नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुढे सरकारी पाकिटातच टबॅस्कोची बोटाच्या पेराएवढी बाटली आली. खेड्यातून मुंबईला निघालेल्या पोराच्या पिशवीत आई तिखटाची पुडी टाकते, तेच काम.

१९८० च्या दशकात डबे जाऊन 'मील, रेडी टू ईट' ही तपकिरी पिशवी आली, तिला सगळे एमआरई म्हणतात. एका नावात तीन थापा, असा सैनिकांनी ताबडतोब निकाल दिला: हे जेवण नाही, तयार नाही आणि खाण्याजोगं नाही. १९८३ साली हवाईत पंचवीसाव्या डिव्हिजनच्या सैनिकांना ३४ दिवस फक्त याच पिशव्यांवर ठेवून पाहिलं. त्यांनी दिलेल्या उष्मांकांपैकी साठेक टक्केच पोटात घातले आणि वजन घटवून परतले. म्हणजे टोपणनाव आधी आलं होतं, मोजमापाने ते खरं ठरवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकच्या प्रयोगशाळेने मग पदार्थ बदलले, संख्या वाढवली, पुढे पिशवीत पाणी घालून जेवण गरम करायची पुडीही दिली. ती पुडी तिरकी टेकवून ठेवायची असते. कशाला टेकवायची, हे दाखवणाऱ्या चित्राखाली सरकारी छापील अक्षरांत 'दगड किंवा तसलं काहीतरी' असं लिहिलेलं होतं. सैनिकांनी ते वाक्य टीशर्टांवर छापून घेतलं.

चोवीस प्रकारांत चार शाकाहारी असतात. पण पेटी उघडताना सार्जंट ती उलटी धरतो, म्हणजे नावं दिसत नाहीत आणि ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या भरतीच्या एका योजनेतून अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थीही त्या गणवेशात गेले. त्यांच्यातल्या माळकरी घरच्या एखाद्याने हात घालावा आणि बीफ निघावं, ही कल्पना करायला फार डोकं लागत नाही. मग सुरू होतो बाजार. बीफ देऊन चीझ, चीझ देऊन राजम्याचा बरिटो. फ्रेंच फौज शेजारी असली तर भाव आणखी चढे, कारण त्यांच्या एका पाकिटासाठी अमेरिकन लोक आपली कितीतरी पाकिटं मोजायला तयार असत.

इराकमध्ये पिशवीतल्या 'चार्म्स' गोळ्यांनी जर्दाळूची जागा घेतली. लिंबाची खाल्ली तर गाडी बिघडते, हिरवी खाल्ली तर पाऊस, लाल खाल्ली तर माणूस जातो. पोरं पिशवी फाडून आधी चार्म्स दूर भिरकावत. २००७ साली त्या गोळ्या पिशवीतून काढून टाकल्या.

एका घोटाळ्यावर मात्र मला हसता आलं नाही, तरी तो वगळला नाही हे संपादकांनी बरं केलं. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानावर बॉम्बफेक सुरू झाली त्याच रात्री अमेरिकन विमानांनी भुकेल्या लोकांसाठी ३७,५०० अन्नाची पाकिटंही टाकली. पाकिटं पिवळी, ठळक दिसावीत म्हणून. क्लस्टर बॉम्बमधून विखुरणारे न फुटलेले छोटे बॉम्बही पिवळेच, तेही ठळक दिसावेत म्हणून. पाकिटावरची इंग्रजी अक्षरं वाचणारं तिथे कोण होतं? आधी रेडिओवरून इशारे दिले, मग पाकिटांचा रंग बदलायचं ठरलं.

सैनिकांची सर्वांत जुनी आणि चिवट मागणी पिझ्झाची. नॅटिकच्या शास्त्रज्ञांना त्यात वर्षानुवर्षं घाम फुटला, कारण सॉसचं पाणी पावात मुरतं आणि ओल्या पावाला बुरशी धरते. पिझ्झा साध्या हवेत तीन वर्षं टिकायला हवा होता. २०१८ साली तो जमला. चौकोनी आहे, मेनू क्रमांक २३. त्यावर पोरांचे अभिप्राय यायला लागले.